तिटेपुरता एक तारा

प्रतिभाताई गायधनींनी आपल्या माणसाला पैकीच्या पैकी मार्क कधी दिले नाहीत. सातपूरला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर गेली. लाइनवरून उतरलेलं बटण त्यांच्या अंगठ्याखालून टकटक करत पुढे जायचं, आणि ज्यात खोट निघायची ते शेजारच्या लाल पेटीत पडायचं. लाल पेटीत पडलेलं बटण साहेबाच्या शब्दानेही परत वर आलं नाही. निरोपसमारंभात मॅनेजर म्हणाले, "बाईंच्या नजरेतून काही सुटलं नाही," तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या लाइनवरच्या लोकांनी वाजवल्या, कारण ती नजर दुसऱ्या दिवसापासून घरी राहणार होती.

घरी त्या नजरेला काम काय? पहिले काही दिवस ते काम सून निकिताच्या वाट्याला आलं. फोडणीत मोहरी तडतडली की नाही, दुधावर साय किती आली, दारातलं पायपुसणं वाकडं का, अशी तपासणी सुरू झाली. निकिता हुशार. तिने सासूबाईंना नवा फोन घेऊन दिला, त्यातला मॅप उघडून दाखवला आणि म्हणाली, "आई, ह्यात शहरातलं प्रत्येक दुकान आहे. तुम्ही जिथे जाता तिथलं खरंखरं लिहायचं आणि वर तारे द्यायचे, एकपासून पाचपर्यंत. लोक वाचतात." घरातली ब्याद बाजारात पाठवल्याचं समाधान तिला त्या दिवशी मिळालं. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला तरी काय माहीत!

ताईंनी एक नियम स्वतःला घालून घेतला: खोटा शब्द एकही लिहायचा नाही. हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा भलतीच शंका घ्यायचा.

पण तारे कसे द्यायचे हे त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. बाळ गोंडस दिसलं की आपण त्याच्या गालाला काजळाची तीट लावतो ना, दृष्ट लागू नये म्हणून, तसंच. जे आवडलं त्याला पुरे पाच तारे द्यायचे म्हणजे त्याला उघड्यावर दृष्टीच्या तोंडी देणं. म्हणून एक तारा काढून घ्यायचा, आणि काढला तर त्याचं कारण लिहायला हवं, म्हणून कारण शोधायचं. खरं कारण, हं. खोटं नाही. त्यांच्या शिंप्याबद्दल त्यांनी लिहिलं: "ब्लाउज अंगाला चोख बसतो. दुकानात टेकायला स्टूल एकच आहे. चार तारे." बिचाऱ्याने ते वाचून दुसरं स्टूल आणलं. ताईंनी जाऊन पाहिलं, खूश झाल्या आणि मजकूर दुरुस्त केला: "स्टूल आता दोन आहेत. आरशाला उजवीकडे डाग आहे. चार तारे." दातांच्या डॉक्टरीणबाईंवर त्यांचा फार जीव. त्यांच्याबद्दल लिहिलं: "हात इतका हलका की दात काढल्याचं कळत नाही. जिन्यात दिवा नाही." इथेही तारे चारच.

ह्या शास्त्रामागे दुखरी जागा होती, आणि तिची मात्र मी चेष्टा करणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात कुणीतरी त्यांच्या यजमानांची चौकशी केली, तेव्हा त्या भरल्या घरात म्हणून गेल्या होत्या, "आमच्या ह्यांना साधी सर्दीसुद्धा होत नाही." होळीच्या आत ते गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब होता, कुणाच्या लक्षात आला नाही. ताईंनी ते कानाआड केलं. आपलं तोंड कुठे उघडलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानंतर त्यांनी कुणाचंही निर्भेळ कौतुक केलं नाही.

आता ह्या शास्त्राची दुसरी बाजू. जो आवडत नाही त्याला काय द्यायचं? त्याला पाच! पुरे पाच, घसघशीत, बिनातिटेचे. लागू दे दृष्ट.

हे पाच तारे ज्याला सगळ्यांत मनापासून मिळाले तो महेश. गंगापूर रोडवर त्याचं 'पुरणदरबार' नावाचं काचेचं, गारेगार दुकान. निकिताच्या डोहाळजेवणाला त्याच्याकडून पुरणपोळ्या मागवल्या होत्या. घरी डबे उघडले तर पुरणाला आंबूस वास. ताई तशाच डबा घेऊन दुकानात गेल्या, तर महेश गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाला, "काकू, पुरण ताजंच आहे हो. ह्या वयात तोंडाची चव जाते, त्याला आम्ही काय करणार?" गिऱ्हाइकंही हसली. ताई घरी आल्या आणि त्यांनी शांतपणे लिहिलं: "दुकान चकचकीत. गारवा उत्तम. खोके देखणे. मालक बोलण्यात अतिशय हुशार. पाच तारे." वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. पुरणाबद्दल एक अक्षरही नव्हतं. मग दृष्ट लागायची वाट बघत त्या बसल्या. महेशच्या दुकानाला दृष्ट काही लागेना. उलट त्याने शेजारचा गाळा घेऊन मध्ये दार पाडलं.

त्याच सुमारास त्यांना लंकाबाई भेटल्या.

लंकाबाई नांदगावकडच्या. मुलगा टेम्पो चालवायला नाशकात आला, त्याच्या मागोमाग सून हर्षाली आणि त्या. गावात लग्नकार्याला मांडे करणारी बाई म्हणून त्यांचं नाव होतं. हर्षालीच्या डोक्यातून निघालं की हे इथे चालेल. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत छोटा गाळा घेतला, मोठी शेगडी, तिच्यावर पालथं मातीचं खापर. मांडे करताना पाहिलं नसेल त्याला सांगायला हवं: पुरण भरलेला उंडा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन ह्या हातावरून त्या हातावर झेलत पसरवत न्यायचा, मनगटावरून थेट कोपरापर्यंत, तलम ओढणीसारखा होईतो, आणि एका झटक्यात खापरावर टाकायचा. लाटण्याने मांडा होत नाही. तो हातावरच होतो.

ताई पहिल्यांदा गेल्या त्या पाहतच राहिल्या. एवढा मोठा मांडा, कुठे दाट नाही, कुठे फाटला नाही, पुरण कडेपर्यंत सारखं. तपासणीच्या टेबलावर इतक्या वर्षांत असा माल आला नव्हता. खाल्ला, आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"तिखाट नाय ताई, गोड हाय त्यो," लंकाबाई म्हणाल्या.

"गोडच आहे हो," ताई म्हणाल्या, आणि नाक पुसलं.

तेव्हापासून त्या दर आठवड्याला जाऊ लागल्या. मांडा तर खायच्याच, वर शेगडीजवळ स्टूल ओढून बसायच्या. लंकाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ताईंना मांडे येत नव्हते, त्यामुळे दोघींचं उत्तम जमलं. इतकी जवळची माणसं ताईंना यजमान गेल्यापासून मिळाली नव्हती, आणि म्हणूनच एके दिवशी त्यांना भीती वाटली. हर्षालीने दुकान मॅपवर टाकलं होतं. कुणीही यायचं, धडाधड पाच तारे द्यायचं. लंकाबाईंचे ते हात, तो मांडा, सगळं असं उघड्यावर! ह्या बाईला कुणीतरी तीट लावायला हवी.

मग खोट शोधणं आलं. ताई एक अख्खी दुपार खोट शोधत बसल्या आणि मिळेना. चव? नाही. पीठ? नाही. भांडी लख्ख, फडकं धुतलेलं. अखेर त्यांना एक गोष्ट सापडली, आणि घरी येऊन त्यांनी लिहिली: "ह्या मांड्यांना नाशकात तोड नाही. चवीला नाही, पोताला नाही, प्रेमाने वाढण्याला नाही. लंकाबाई मांडा कोपरापर्यंत उघड्या हातांवर पसरवतात, हातमोजे वापरत नाहीत. चार तारे." पुराव्याला फोटोही जोडला: हातांवर पसरलेला मांडा, मागे खापर. फोटो सुंदर आला होता. ताईंना मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

आता मॅपवर कसं असतं, मोठा मजकूर कुणी वाचत नाही. त्यातली एखादी ओळ तेवढी वर झळकते. कोणती झळकावी हे कोण ठरवतं देव जाणे, पण 'तोड नाही' ही ओळ खालीच राहिली आणि 'उघड्या हातांवर पसरवतात, हातमोजे वापरत नाहीत' ही वर आली. खाली फोटो. नांदगावचा माणूस ते बघून म्हणाला असता, मग काय पायावर पसरवायचा? पण गंगापूर रोडवरच्या नव्या इमारतींमध्ये कुठकुठून आलेली माणसं राहतात. त्यांनी नाकं मुरडली. मग ज्यांनी लंकाबाईंचा मांडा चाखलाही नव्हता ते लिहायला लागले. 'अस्वच्छ.' एक तारा. 'फोटो पाहूनच मळमळलं.' एक तारा. ताईंनी तिटेपुरतं बोट टेकवलं होतं, लोकांनी अख्खं तोंड काळं केलं.

ताईंना ह्याचा पत्ता नव्हता. लिहिलेलं परत उघडून बघायची त्यांना सवय नव्हती, तपासलेलं बटण कुणी परत तपासतं का? त्यांना कळलं ते आखाजी तोंडावर आली तेव्हा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका मोठ्या सोसायटीने पंगतीसाठी लंकाबाईंचे मांडे ठरवले होते. सासू-सुनेने त्या पंगतीवर सगळं टांगलं होतं. ती निभावली, नाव झालं, तर गाळा पुढच्या वर्षासाठी पक्का करायचा. नाहीतर नांदगाव. ताई त्या दिवशी गल्लीत शिरल्या तर दुकानात एक गिऱ्हाईक नाही, आणि खापरापुढे लंकाबाई हातांत प्लास्टिकचे मोजे घालून उभ्या. कोपरापर्यंतचे, दवाखान्यात असतात तसले.

"या ताई, बसा. आज नाटक चाललंय आमचं," लंकाबाई म्हणाल्या. त्यांनी उंडा उचलून हातावर घेतला. पीठ मोज्याला चिकटलं, मांडा मधोमध फाटला, पुरण खाली पडलं. दुसरा खापराशी नेताना मोज्याचं टोकच आकसलं आणि करपल्याचा वास सुटला.

"हे कशासाठी?" ताईंनी विचारलं.

"सोसायटीवाले म्हणतात, मोजे घालून करणार असाल तर बघू," हर्षाली म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "नाहीतर ते पुरणदरबारला देणार. कुणीतरी लिहिलंय मॅपवर. थांबा काकू, वाचून दाखवते." आणि तिने ताईंनी लिहिलेलं ताईंना वाचून दाखवलं. लिहिणाऱ्याचं नाव नुसतं 'पी. गायधनी', वर फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. दुकानात ताईंचं आडनाव कुणी कधी विचारलं नव्हतं, ताई म्हटलं की भागायचं.

लंकाबाईंनी ऐकून घेतलं. मोजा काढत म्हणाल्या, "बाईनं खोटं नाय लिव्हलं. उघडाच हाय हात. पन वर चवीचं बी लिव्हलंय की तिनं. त्ये का नाय वाचत कुनी?"

आत्ता बोलावं, की ती बाई मीच, असं ताईंच्या जिभेपर्यंत आलं. पण हर्षालीचे डोळे पाहिले आणि त्या नुसतं म्हणाल्या, "पाणी द्या हो जरा." पाणी प्यायल्या आणि निघाल्या. आयुष्यभर दुसऱ्याची खोट दिसताक्षणी लाल पेटीत टाकणारी बाई स्वतःची खोट पदराखाली घेऊन घरी आली.

घरी येऊन त्यांनी ठरवलं, पाच तारे द्यायचे. सोपं होतं, बोट टेकवायचं एवढंच. पण बोट स्क्रीनपाशी नेऊन त्यांनी मागे घेतलं. आपल्या तोंडाने भरभरून कौतुक केलं की काय होतं, हे एकदा पाहिलं होतं. लंकाबाईंना काही झालं तर? त्या उठल्या, स्वयंपाकघरातून मीठ-मोहऱ्या आणल्या, फोनवर लंकाबाईंचा फोटो उघडून ठेवला आणि त्याच्यावरून मूठ ओवाळली. दारात उभ्या निकिताने ते पाहिलं आणि फोनवरून मोहऱ्या ओवाळणारी सासू पाहून ती आल्या पावली परत गेली. मग ताईंनी डोळे मिटून हातमोज्यांचं वाक्य पुसलं आणि पाच तारे दिले. "मांडा उघड्या हातावरच होतो," असंही लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यांत धाडसाचं काम होतं ते. मोहऱ्या गॅसवर टाकल्या तेव्हा त्या ताडताड उडून ओटाभर पसरल्या, म्हणजे दृष्ट चांगलीच निघाली होती.

पण पाच ताऱ्यांचा हिशोब एकट्या ताईंच्या हातात राहिला नव्हता. महेशने आखाजीसाठी चौकात मोठा फ्लेक्स लावला. त्यावर खोक्यांचे फोटो आणि मधोमध, हात जोडलेल्या, साक्षात ताई. फोटो डोहाळजेवणातला, पोळ्यांचे डबे पोहोचवायला आला तेव्हा त्यानेच टिपलेला. खाली ठळक अक्षरांत: 'दुकान चकचकीत, मालक अतिशय हुशार! पाच तारे! श्रीमती प्रतिभा गायधनी.' कुणी शिव्या दिल्या असत्या त्यापेक्षा ताईंना हा मान जड गेला, पण तक्रार कशाची करणार? शब्दन् शब्द त्यांचाच होता.

तो फ्लेक्स हर्षालीने पाहिला. दुसऱ्या दिवशी ताई दुकानात शिरल्या तेव्हा तिने विचारलंच, "काकू, पी. गायधनी तुम्हीच ना?"

ताईंनी मान हलवली. मग सगळं सांगितलं. तिटेचं, ताऱ्यांचं, यजमानांचं. सांगताना त्या रडल्या. हर्षाली ऐकत होती, पण तिचा चेहरा मऊ झाला नाही. "म्हणजे त्या चोराला पाच, आणि आम्ही तुमच्या मायेचे म्हणून आम्हाला हे?"

"मी आता तुम्हालाही पाच दिलेत," ताई घाईने म्हणाल्या.

"पाहिलेत ना. त्याच्याखाली लोकांनी काय लिहिलंय तेही पाहा. म्हणे, कालपर्यंत चार होते, आज हातमोज्यांचं वाक्य गायब, म्हणजे बाई विकली गेली. तिकडे पुरणदरबारलाही हिनेच पाच दिलेत, फ्लेक्सवर बघा." हर्षालीने फोन उलटा ठेवला. "आता तुमच्या पाचांना कोण विचारतंय, काकू?"

लंकाबाई शेगडी पुसत होत्या. पुसता पुसता, रागाशिवाय, म्हणाल्या, "ताई, तीट मी बी लावते. नातवाला रोज लावते. पन ती लेकरू मांडीवर घिऊन लावायची आसती. चौकात निऊन नाय."

त्या संध्याकाळी ताईंनी महेशबद्दल पहिल्यांदा पूर्ण खरं लिहिलं: पुरण आंबूस होतं, तक्रार केली तर अपमान केला. एक तारा. महेशने तासाभरात खाली उत्तर टाकलं: "काकू आमच्या फ्लेक्सवरच्या सन्माननीय ग्राहक आहेत. वयोमानानुसार विसर पडतो. त्यांना उत्तम आरोग्य लाभो." त्या उत्तराला लोकांनी भरभरून अंगठे दिले. कुणीतरी लिहिलं, किती सुसंस्कृत मालक! त्या एका ताऱ्याचा उपयोग इतकाच झाला की पुरणदरबारची पंगतीची ऑर्डर आणखी पक्की झाली.

आखाजीच्या दिवशी सोसायटीत मशीनवर लाटलेल्या, खोक्यातून आलेल्या पोळ्या मांडे म्हणून वाढल्या गेल्या. वाढणाऱ्यांच्या हातांत मोजे होते. सगळ्यांना फार आवडल्या म्हणे.

पुढच्या आठवड्यात ताई गल्लीत गेल्या तर शटर खाली. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, "टेम्पोत सामान घालून गेले नांदगावला. म्हातारीने खापर मांडीवर घेतलं होतं, फुटू नये म्हणून." घरी येऊन ताईंनी मॅप उघडला. दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत आलं होतं: 'कायमचे बंद.' त्याच्याखाली त्यांचे पाच तारे, त्यांनी दिले तसे, सगळेच्या सगळे उजळलेले.

निकिता मागून आली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. "बंद झालं? का हो आई? चांगलं चालत होतं की."

"दृष्ट लागली," ताई म्हणाल्या.

"कुणाची?"

प्रतिभाताईंनी फोन पालथा ठेवला. खोटा शब्द काढायचा नाही हा नियम त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही.

"माझी," त्या म्हणाल्या.